एक चालायला लागली, दुसरी अजून बसलेलीच: जुळ्यांची वाढ मोजायची कशी

मुलींच्या पहिल्या वर्षात आमच्याकडे एक वही होती, पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे थोरलीचं आणि उजवीकडे धाकटीचं. थोरली म्हणजे फक्त सहा मिनिटांनी मोठी, पण घरात तेच नाव पडलं. सुरुवातीला त्यात दूध किती घेतलं, शी-शू कितीदा झाली, औषध दिलं का एवढंच लिहायचो, कारण रात्री तीन वाजता कुणाला पाजलंय आणि कुणाला नाही हेच आठवायचं नाही. मग हळूहळू बाकीचंही त्यात यायला लागलं, आज मान नीट धरली, आज पालथी पडली, आज हात न टेकता बसली. आणि एका दुपारी मागची पानं चाळताना दिसलं की डावी बाजू भरत चाललीये आणि उजवीकडे नुसते कोरे रकाने. त्या दिवसापासून मी धाकटीकडे बघायचे ते हिचं काहीतरी राहिलंय याच नजरेने, ती हसत असली तरी, खेळत असली तरी.

ज्यांच्या घरी जुळी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकच मूल असेल तर तुलना करायला नात्यातली, ओळखीतली बाळं असतात, पण ती अधूनमधून दिसतात आणि त्यांचं वय थोडं पुढेमागे असतं म्हणून आपण सोडून देतो. जुळ्यांत ती तुलना एकाच चादरीवर चोवीस तास समोर पडलेली असते. आणि मनात येतं की वय तेच, आईबाप तेच, घर तेच, मग हिला येतंय तर तिला का नाही? प्रश्न अगदी बरोबर वाटतो, पण त्याच्या खाली जी गृहीतकं आहेत ती एकेक करून तपासली तर बरीचशी टिकत नाहीत, "वय तेच" हे सुद्धा पूर्ण टिकत नाही. हे मला कळायला बराच वेळ लागला, डॉक्टरांना विचारून विचारून आणि वाचून वाचून, म्हणून जितकं नीट समजलंय तितकं सोपं करून लिहिते.

आधी माइलस्टोन या शब्दाबद्दल. मैलाचा दगड म्हटलं की आपल्याला वाटतं तो ठरलेल्या जागी रोवलेला आहे, अमुक महिन्यात बसणं, तमुक महिन्यात चालणं, आणि त्या दगडापाशी बाळ पोचलं नाही की ते मागे पडलं. प्रत्यक्षात ती तारीख नसतेच, तो एक लांबलचक कालखंड असतो, खिडकीसारखा, एका टोकाला उघडतो आणि खूप नंतर दुसऱ्या टोकाला बंद होतो. जागतिक आरोग्य संघटनेने यावर मोठा अभ्यास केला होता, भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ निरोगी मुलं, आणि २००६ साली त्याचे आकडे जाहीर केले. त्यात आधाराशिवाय बसण्याची खिडकी ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत आहे. हात आणि गुडघ्यांवर रांगण्याची ५.२ ते १३.५. कशाला न धरता उभं राहण्याची ६.९ ते १६.९. आणि एकट्याने चालण्याची ८.२ महिन्यांपासून थेट १७.६ महिन्यांपर्यंत.

हा शेवटचा आकडा परत एकदा वाचा, कारण मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काहीतरी छापायची चूक वाटली होती. समजा शंभर निरोगी मुलं चालायला लागण्याच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर सगळ्यात पहिलं मूल आठ महिन्यांच्या आसपास चाललेलं असेल आणि अगदी शेवटचं साडेसतरा महिन्यांच्या आसपास, आणि ती दोन्ही मुलं ठणठणीत आहेत. सरासरी येते १२ महिने, म्हणून सगळीकडे "वर्षाचं झालं की चालतं" असं म्हणतात, पण सरासरी म्हणजे शेवटची तारीख नाही ना, निम्मी मुलं तिच्या नंतरच चालणार, त्याशिवाय ती सरासरी होईल कशी. म्हणजे तुमच्या जुळ्यांपैकी एक दहाव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सोळाव्यात, तर मधल्या सहा महिन्यांत घरात कितीही चर्चा झाली तरी दोघंही त्याच खिडकीत आहेत.

त्याच अभ्यासातली अजून एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली. जवळजवळ ४.३ टक्के मुलं हात आणि गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. सरळ उभी राहिली आणि चालली, किंवा पुढे सरकायची आपली वेगळीच पद्धत शोधून काढली. आमची धाकटी बसल्या बसल्या बुडावर सरकायची, एक पाय वल्ह्यासारखा मारत, आणि इतक्या वेगात की बघत राहावं. थोरली तोपर्यंत मस्त रांगत होती त्यामुळे सगळ्यांना वाटायचं हिला रांगायला जमत नाहीये म्हणून ही अशी करते. पण बुडावर सरकणारी मुलं असतातच, बऱ्याचदा ते घराण्यात चालत आलेलं असतं, आणि अशी मुलं बाकीच्यांपेक्षा उशिरा चालतात हेही माहितीतलं आहे, कारण बसून सगळीकडे जाता येत असेल तर उभं राहायची घाई कशाला. मग सासूबाईंनी सांगितलं की मुलींचे बाबाही असेच सरकायचे, हे त्यांनी आधी का नाही सांगितलं देव जाणे, माझे दोन महिने वाचले असते.

वेगवेगळ्या याद्या वाचून जो गोंधळ होतो त्याचंही एक कारण आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेची माइलस्टोनची यादी जगभर वापरली जाते, ती त्यांनी २०२२ मध्ये बदलली. आधी त्या यादीत साधारण निम्म्या मुलांना जे जमतं ते त्या महिन्याखाली लिहिलेलं असायचं, म्हणजे उरलेल्या निम्म्या मुलांच्या आईबापांना यादी बघून टेन्शन येणारच. आता ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जे जमतं तेच तिथे लिहितात, म्हणजे एखादी गोष्ट नसेल तर डॉक्टरांशी बोलायला खरंच काही कारण असावं. आणि रांगणं तर त्यांनी यादीतून काढूनच टाकलं. त्यामुळे कुणी जुना फॉरवर्ड पाठवला आणि त्यात नवव्या महिन्यात रांगलंच पाहिजे असं असेल तर त्यावर दिवस घालवू नका.

आता ते "वय तेच" वालं. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्माला येतात, म्हणजे दिवस पूर्ण भरायच्या आधीच. आमच्या मुली ३४ व्या आठवड्यात आल्या. पोटात काढायचे सहा आठवडे त्यांनी बाहेर काढले. मेंदूला आणि स्नायूंना जी तयारी करायची असते ती जन्मतारखेपासून सुरू होत नाही, ती गर्भ राहिल्यापासून चालू असते, त्यामुळे लवकर जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करतात, त्याला करेक्टेड एज म्हणतात. हिशोब सोपा आहे, ४० मधून जन्माच्या वेळचे आठवडे वजा करा, जे उरतील ते आजच्या वयातून वजा करा. आमच्या बाबतीत ४० वजा ३४ म्हणजे ६ आठवडे, दीड महिना. कॅलेंडरप्रमाणे नऊ महिन्यांच्या असतील तर वाढीच्या हिशोबाने साडेसात महिन्यांच्या. हे साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात, नंतर फरक इतका छोटा वाटायला लागतो की वजाबाकीची गरज राहत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, लसी मात्र जन्मतारखेपासूनच मोजायच्या, तिथे ही वजाबाकी करायची नाही, आणि काही शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचं.

आणि वर ज्या आकड्यांबद्दल इतकं लिहिलं त्या अभ्यासात जुळी मुलं नव्हतीच. दिवस पूर्ण भरून जन्मलेली, एकेकटी बाळं फक्त घेतली होती. म्हणजे त्या खिडकीत आपलं बाळ बघायचं असेल तर करेक्टेड वयानेच बघायला हवं. मी सुरुवातीचे कितीतरी महिने हे न करता दोघींनाही मागे समजत होते, आणि त्यातल्या त्यात धाकटीला जास्त मागे.

पुढचं गृहीतक म्हणजे "जुळ्या आहेत म्हणजे आतून सारख्याच". जुळी दोन प्रकारची असतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो पण घरात जुळी आली की विसरतो. दोन वेगळी बीजं, दोन वेगळे शुक्राणू, तर ती दोन बाळं म्हणजे एकाच वेळी पोटात वाढलेली साधी भावंडं, त्यांची जनुकं एकमेकांशी तेवढीच जुळतात जेवढी दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या भावंडांची जुळतात, सरासरी निम्मी. मोठा मुलगा दहाव्या महिन्यात चालला आणि त्याच्या पाठची बहीण पंधराव्या महिन्यात, तर त्यावर कोण रात्र जागून काढतं? पण तीच दोघं एका दिवशी जन्मली की पाच महिन्यांचा फरक डोंगराएवढा दिसायला लागतो.

बरं, एकाच बीजातून झालेली, अगदी एकसारखी दिसणारी असतील तरी पोटातलं आयुष्य सारखं नसतं. वार, म्हणजे पोटात बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा, एकच असेल तर तिच्यातला वाटा दोघांना समसमान मिळेलच असं नाही, एकाच्या नाळेला जास्त भाग मिळतो, दुसऱ्याच्या कमी, कधी एकीकडचं रक्त दुसरीकडे जास्त वळतं आणि त्याच्यावर पोटात असतानाच उपचार करावे लागतात. प्रत्येकीची वार वेगळी असेल तरी एकीची जागा चांगली, दुसरीची तितकी नाही असं होऊ शकतं. मोठ्या बाळाच्या तुलनेत छोट्याचं वजन २० टक्के किंवा त्याहून जास्त कमी असेल तर डॉक्टर त्याकडे खास लक्ष देतात. त्यात जन्मानंतर एक बाळ लगेच आईजवळ आलं आणि दुसऱ्याला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं तर पहिल्या काही आठवड्यांचा अनुभवही वेगळा, एकाला कुशीत घेतलंय, दुसरं नळ्या लावून पाठीवर पडलेलं आहे. आमची धाकटी तिथे थोरलीपेक्षा अकरा दिवस जास्त होती. ते अकरा दिवस वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हते.

मग प्रश्न येतो की शिकवलं तर लवकर येईल का, मागे असलेल्या बाळाकडून रोज सराव करून घेतला तर ते दुसऱ्याला गाठेल का. गंमत म्हणजे यावरचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग जुळ्यांवरच झालाय. अमेरिकेत अर्नोल्ड गेझेल नावाचे बालविकासाचे अभ्यासक होते, त्यांनी आणि हेलन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये एकसारख्या जुळ्या मुलींवरचा अभ्यास छापला, मुलींना नावं दिली टी आणि सी. टीला ४६ आठवड्यांची असल्यापासून रोज जिना चढायचा सराव दिला, सहा आठवडे. सीला त्या काळात काहीच नाही. मग सी ५३ आठवड्यांची झाल्यावर तिला फक्त दोन आठवडे सराव दिला, आणि ती टीच्या बरोबरीला आली. म्हणजे शरीर तयार झालं नव्हतं तेव्हाचे सहा आठवडे एकीकडे आणि तयार झाल्यावरचे दोन आठवडे दुसरीकडे. नंतर १९३० च्या दशकात मर्टल मॅकग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी या जुळ्या भावांवर असंच काहीतरी केलं, जॉनीला वर्षाचा व्हायच्या आसपासच पोहणं आणि चाकांचे बूट घालून फिरणं शिकवलं. त्या खास शिकवलेल्या गोष्टींत जॉनी खरंच पुढे गेला, पण बसणं, चालणं या मूळ गोष्टी दोघांना साधारण एकाच सुमाराला आल्या.

यावरून गेझेलनी असं मांडलं की सगळं आतल्या तयारीवर अवलंबून आहे, पण गोष्ट तिथे संपली नाही. एस्थर थेलन यांचा १९८४ चा प्रयोग मला फार आवडतो. अगदी तान्ह्या बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं हे तुम्ही बघितलं असेल, आणि दोनेक महिन्यांत ते बंद होतं. आधी वाटायचं की मेंदू ते बंद करतो. थेलन यांनी बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, आणि पावलं वाढली! पायांना छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली. म्हणजे मेंदूत काही बंद झालेलं नव्हतं, बाळसं धरल्यामुळे पाय जड झाले होते आणि ते उचलायची ताकद अजून आली नव्हती. तर चालणं हे एकट्या मेंदूचं काम नाही, वजन, पायातला जोर, तोल, खाली जमीन कशी आहे, समोर जावंसं वाटण्यासारखं काही आहे का, हे सगळं एकाच वेळी जुळून यावं लागतं, आणि दोन बाळांत ते एकाच आठवड्यात जुळून येईल याची शक्यता तशी कमीच. गुटगुटीत बाळ दणकट दिसतं म्हणून आधी चालेल असंही काही नाही मग.

सराव वाया जातो असं मात्र अजिबात नाही, फक्त तो आपण करून घ्यायचा नसतो, बाळच करत असतं. कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळेपणाने खेळतानाची पावलं मोजली, २०१२ मध्ये ते छापून आलं, तर तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. एका तासात! हे वाचल्यावर मी बोट धरून चालवायचा कार्यक्रम बंद केला, कारण दहा मिनिटं बोट धरून आपण जे देतो ते याच्यापुढे काहीच नाही. आपण द्यायचं ते मोकळी जमीन, घसरणार नाही अशी, अनवाणी पाय, आणि लहान असताना जागेपणी पोटावर पाडून खेळवणं. झोपवायचं मात्र पाठीवरच, त्यात तडजोड नाही, १९९० च्या दशकात पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाल्यापासून झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू खूप कमी झाले. त्यामुळे काही बाळं थोडी उशिरा पालथी पडतात पण ते चालतं, जागेपणी पोटावरचा वेळ दिला की भरून निघतं. आणि वॉकर नको. त्यात बसून बाळ पायाच्या बोटांनी ढकलतं, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट उशीर होऊ शकतो, आणि पडून डोक्याला मार लागायची भीती इतकी की कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली.

इथे मला आमच्या हातून झालेली एक गोष्ट सांगायचीये कारण ती बऱ्याच घरांत होत असणार. थोरली चपळ, ही शांत असं एकदा ठरल्यावर आम्ही नकळत तसंच वागायला लागलो. थोरली उभी राहिली की सगळे हात पुढे करायचे, ये ये म्हणायचे. धाकटी बसलेली असायची आणि आम्ही तिच्या हाताशी खेळणी नेऊन ठेवायचो, बिचारीला सरकायला लागू नये म्हणून. म्हणजे जिला हलायचं कारण हवं होतं तिचंच कारण आम्ही काढून घेत होतो, तेही प्रेमापोटी. हे लक्षात आणून दिलं ते मुलींच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी, घरातला एक व्हिडिओ बघून, त्या म्हणाल्या, "त्या खेळण्याला थोडं लांब राहू द्या ना." एवढंच. त्याने ती लगेच चालली असं नाही, पण सरकायला लागली ते त्यानंतरच. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "ही हुशार दिसते, ती जरा मंद आहे का" असं दोघींसमोर बोललेलं मी आता तिथल्या तिथे थांबवते, वाईटपणा आला तरी. "कळत नाही अजून त्यांना" हे म्हणणं खोटं आहे, आणि मोठ्यांना तर नक्कीच कळतं, आणि मोठे त्याप्रमाणे वागायला लागतात.

बोलण्याचं थोडं वेगळं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. जुळी मुलं सरासरीने थोडी उशिरा बोलतात हे खरं आहे. ब्रिटनमध्ये मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी जुळी मुलं आणि कमी अंतराने झालेली साधी भावंडं यांची तुलना केली होती, २००३ मध्ये छापून आली, त्यात जुळी २० महिन्यांना साधारण पावणेदोन महिन्यांनी आणि ३ वर्षांना साधारण तीन महिन्यांनी मागे होती. मला महत्त्वाचं वाटलं ते त्याचं कारण. बाळंतपणातल्या अडचणींपेक्षा घरात मुलांशी बोलणं कसं होतं याच्याशी त्याचा जास्त संबंध दिसला. आणि ते पटतंच की, एकाच वेळी दोघांचे लंगोट, दोघांचं दूध, दोघांचं रडणं, त्यात आई-बाबा बोलतात ते दोघांना मिळून, घाईघाईत, "चला गं, इकडे या, नको नको". एकेकटीच्या डोळ्यांत बघून, ती ज्या वस्तूकडे बघतेय तिच्याबद्दल बोलणं राहून जातं. त्यात दोघींना एकमेकींचं हूं-हां कळतं, बऱ्याच जुळ्यांची आपली एक भाषा तयार होते, खरं तर ते बोबडे शब्दच असतात पण समोरच्या जुळ्याला कळतात म्हणून नीट म्हणायची गरज पडत नाही.

आम्ही मग एक ठरवलं, दिवसातून एकदा तरी प्रत्येकीला एकटीला घ्यायचं, अगदी दहा मिनिटं, एक बाबांबरोबर खिडकीत आणि एक माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालताना, आणि नावाने हाक मारायची, "पोरींनो" नाही. आणि एकीला विचारलं तर दुसरीने उत्तर दिलेलं धरायचं नाही, थांबायचं. आमच्याकडे बोलण्यात धाकटी पुढे निघाली. थोरली घरभर फिरत होती तेव्हा ही एका जागी बसून बोट दाखवून दाखवून आम्हाला वस्तूंची नावं विचारत होती. मला कुणी म्हटलं होतं की मुलं एका वेळी एकाच गोष्टीवर जोर देतात, चालणं नाहीतर बोलणं, पण असा काही पक्का नियम नाही, दोन्ही एकदम येणारी मुलं असतात आणि दोन्ही उशिरा येणारी पण, म्हणून "चालत नाही म्हणजे बोलायला लवकर लागेल" असं म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणि हेच मला सगळ्यात जोर देऊन सांगायचंय. आपापल्या वेगाने वाढू द्या याचा अर्थ डोळे मिटून बसा असा नाही. जुळ्यांच्या घरात चूक दोन्ही बाजूंनी होते. एक बाळ खूप लवकर सगळं करत असेल तर दुसरं व्यवस्थित असूनही मागे वाटतं, ती आमची चूक. पण दोघंही हळू असतील तर ती एकमेकांशेजारी एकदम नॉर्मल दिसतात, "दोघीही बोलत नाहीत, जुळ्यांचं असंच असतं" म्हणून महिनेच्या महिने जातात, ही चूक जास्त महाग पडते. म्हणून बाळाला त्याच्या जुळ्याशेजारी ठेवून मापायचं नाही. दोनच गोष्टी बघायच्या, करेक्टेड वयाने ते खिडकीच्या आत आहे का, आणि गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात त्याला काही नवीन येतंय का. हळू पुढे जाणारं बाळ आणि थांबलेलं बाळ यात फार फरक आहे.

थांबायचं नाही, लगेच दाखवायचं अशा काही गोष्टी आहेत, सगळ्या करेक्टेड वयाने. तीन महिने झाले तरी माणसाकडे बघून हसत नाही, नजर स्थिर करत नाही. चार महिन्यांना मान धरत नाही. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचं झालं तरी बा-बा दा-दा असं काही नाही, बोट दाखवणं, टाटा करणं असे हातवारेही नाहीत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलत नाही. दीड वर्षाला चालत नाही. अंग खूप ताठ वाटतं किंवा कापडी बाहुलीसारखं सैल वाटतं. वर्षाच्या आतच बाळ कायम एकच हात वापरतं, याचं लोक कौतुक करतात की डावखुरं होणार, पण इतक्या लवकर एकच हात म्हणजे दुसऱ्या बाजूला काही कमजोरी आहे का हे बघायला हवं. आणि एक गोष्ट कुठल्याही वयात, येत असलेलं काही यायचं बंद झालं, शब्द गेले, नजर देणं गेलं, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका. बोलण्याची शंका असेल तर आधी कान तपासून घ्या, लवकर जन्मलेल्या बाळांत ते जास्तच गरजेचं. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा, धोकाही एकट्या बाळापेक्षा जुळ्यांत जास्त असतो, मुख्यतः लवकर जन्म आणि कमी वजनामुळे. तपासून काही निघालं नाही तर उत्तमच, आणि निघालं तर पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू इतका बदलू शकतो की तेव्हा सुरू केलेली थेरपी नंतरच्यापेक्षा कितीतरी जास्त कामाला येते. दाखवायला नेणं म्हणजे बाळात खोट काढणं नाही, हे घरच्यांना समजावायला मला वेळ लागला.

डॉक्टरांकडे जाताना दोघांचा नंबर वेगळा घ्या, म्हणजे एकेकाला पूर्ण वेळ मिळतो, नाहीतर जो जास्त रडतो त्याचंच बोलणं होतं. व्हिडिओ काढून न्या, तिथे गेल्यावर बाळ नेमकं काही करत नाही. आणि "तिला येतं, हिला येत नाही" असं सांगण्याऐवजी हिला काय येतं, कधीपासून, मागच्या वेळी काय येत नव्हतं असं सांगा, डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं.

उभी रेघ मारलेली ती वही आम्ही दहाव्या महिन्यात बंद केली आणि दोन वेगळ्या वह्या आणल्या. थोरलीच्या वहीत चालण्याची तारीख साडेतेरा महिन्यांची आहे, म्हणजे करेक्टेड १२. धाकटीच्या वहीत साडेसतरा महिने, करेक्टेड १६. त्या पानावर मी लिहिलंय की सोफा सोडला, चार पावलं टाकली, खाली बसली, टाळ्या वाजवल्या, आणि मग बाकीचं अंतर नेहमीसारखं बुडावर सरकत कापलं.